मोर्चाला जाऊ का, विचारलंस म्हणून

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. इतिहास शिकवणाऱ्याने रस्त्यावर उतरावं का, हा प्रश्न तुझ्या वयात मला पण छळायचा. स्टाफरूममध्ये तेव्हाही दोन पार्ट्या, एक म्हणायची आपलं काम खडू-फळा, दुसरी म्हणायची गप्प बसणारे सगळे भित्रे. मला दोन्ही पटायचं नाही. तू जा, बिनधास्त जा, फक्त कागद तपासायची सवय घरी ठेवून जाऊ नकोस, घोषणा द्यायला तिथे ढीगभर लोक असतात.

इमॅन्युएल रिंगेलब्लुम वाचलायस का? पोलंडमधल्या वॉर्सातला इतिहासाचा मास्तर. १९४० मध्ये नाझींनी तिथल्या ज्यूंना घेटोत, म्हणजे भिंत घालून बंद केलेल्या वस्तीत, कोंडलं, तर हा एकीकडे उपाशी लोकांना मदत पोचवायच्या कामात आणि दुसरीकडे गुपचूप माणसं जमवून सगळं टिपून ठेवतोय, डायऱ्या, पोरांचे निबंध, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटचे कागदसुद्धा. आणि घेटोतल्या ज्यू पोलिसांची लाचखोरी पण! आपल्याच माणसांची, तेही अशा वेळी. ते सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरलं. १९४४ मध्ये त्याला मारलं. पेट्या १९४६ ला सापडल्या, कॅन १९५० ला.

मी मात्र एकदा माती खाल्ली. सभेत पत्रकातला आकडा तसाच ठोकून दिला, मूळ नोंद बघायचा कंटाळा केला. समोरच्यांपैकी एक जण शांतपणे उठला, खिशातून रजिस्टरची झेरॉक्स काढली आणि वाचून दाखवली. आकडा निम्माच होता. आमची मागणी रास्त होती गं, पण पुढे महिनाभर लोक त्या आकड्यावरच बोलत बसले.

वर्गाचं वेगळं. सभेतून माणूस उठून जाऊ शकतो, पोरांना जाता येत नाही आणि वर मार्क तुझ्या हातात. मत विचारलं तर सांग, लपवू नकोस, पण त्याच तासाला तुझ्या मताला छेद देणारा एखादा अस्सल कागदही वाचायला दे. माझ्या वर्गात एक पोरगा कायम माझ्याशी भांडायचा, त्याचा पेपर तपासताना हात आखडतोय हे लक्षात आलं तसं मी सगळ्यांचीच नावं झाकून तपासायला लागलो.

आणि हो, तू पाठवलेलं पत्रक बघितलं. तिसऱ्या ओळीतला आकडा कुठून घेतलास? छापायला द्यायच्या आधी मूळ कागदाचा फोटो पाठव.