युद्धनृत्यं फक्त शत्रूला घाबरवण्यासाठीच असायची का? न्यूझीलंडच्या हाकासारखी आणखी कुठे आहेत?

घाबरवणं हा त्यातला एक भाग झाला. माझ्या मते मोठं काम स्वतःच्याच माणसांवर चालायचं. मी बरीच वर्षं ऑकलंडला राहतो, तेव्हा हाकापासूनच, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या समूहनृत्यापासूनच सुरुवात करतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक हाका युद्धाचा नसतो. इथे तो लग्नात होतो, अंत्यविधीला होतो, शाळेच्या बक्षीस समारंभातही होतो. हातात शस्त्रं घेऊन लढाईआधी करायचा तो पेरुपेरू. त्यात सगळे योद्धे एकदम उंच उडी मारतात. जुन्या काळी जाणती माणसं खाली वाकून त्यांचे पाय बघत. सगळे पाय एकाच क्षणी जमिनीवरून सुटले तर ठीक, कोणी मागेपुढे झाला तर अपशकुन. मला यात शकुनापेक्षा हिशेब जास्त दिसतो. ज्या तुकडीला एकत्र उडी मारता येत नाही, ती एकत्र लढणार कशी? डोळे वटारणं, जीभ बाहेर काढणं हे समोरच्यासाठी. ही परीक्षा मात्र घरची.

ग्रीकांच्या पिरिक नृत्याचंही तेच. वार चुकवणं, बाजूला झुकणं, उडी मारणं, मग बाण सोडण्याच्या आणि भाला फेकण्याच्या हालचाली, असं त्याचं वर्णन प्लेटोने केलं आहे. म्हणजे तालावरची कवायतच. जॉर्जियाच्या अजारा भागातलं खोरुमी तर अख्खी मोहीम नाचून दाखवतं: आधी तळासाठी जागा हेरणं, मग शत्रूचा माग, लढाई आणि शेवटी विजय. पाच मात्रांचा ताल, आणि सुरुवातीचा हेरगिरीचा भाग इतका दबकत चालतो की मला लढाईपेक्षा तोच आवडतो.

तुम्ही न्यूझीलंडच्या संघाच्या रग्बी सामन्याआधी बघितला असेल तो बहुधा ‘का माते’. न्गाती तोआ टोळीचा प्रमुख ते राउपाराहा याने तो 1820च्या सुमारास रचला. शत्रू मागावर असताना तो रताळी साठवायच्या खड्ड्यात लपला होता. वाचून वर आला, त्या सुटकेचा हा आनंद. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध ‘युद्धनृत्य’ लपून जीव वाचवण्यावर आहे, ही गंमत टीव्हीवर कोणी सांगत नाही! रग्बीतही तो आजच्यासारखा नेहमीच जोरकस नव्हता. 1987च्या विश्वचषकाच्या सुमारास बक शेल्फर्डसारख्या माओरी खेळाडूंनी तो नीट शिकवायचा आग्रह धरला. त्याआधीची चित्रफीत बघा, काहींना हात कुठे न्यायचा तेच कळत नाहीये.

आपल्याकडचं म्हणाल तर गोव्यातली घोडेमोडणी. सत्तरी-डिचोली भागात शिगम्यात होते. कमरेला लाकडी घोडा, हातात नंगी तलवार, पायात घुंगरू, आणि ढोल-ताशावर पुढे चाल, मागे चाल. सत्तरीच्या राणे घराण्याने पोर्तुगीजांशी दिलेल्या झुंजींशी तिचा संबंध जोडतात. हिच्यात गाणं नाही, त्यामुळे सगळी भिस्त वाद्यांवर आणि पायांवर.

हाका मन लावून बघायचा असेल तर रग्बी सोडा आणि ‘ते मातातिनी’ या दर दोन वर्षांनी होणाऱ्या माओरी स्पर्धेच्या चित्रफिती शोधा. तिथले परीक्षक पायही बघतात.