बडोद्यात घरच्या तळ्यातले कोई आणि गोल्डफिश बगळ्यापासून कसे वाचवायचे?

तुम्ही लिहिलंय की गोत्रीतल्या बंगल्यात 8 बाय 6 फुटांचं तळं आहे, पाणी 2 फूट खोल, एका लांब बाजूला कुंड्यांसाठी फूटभर रुंद आणि 6 इंच खोल पायरी. तीन आठवड्यांत नऊ मासे गेले. प्लॅस्टिकचा बगळा उभा केला, जुन्या सीड्या टांगल्या, तरी काही फरक नाही. आणि येणारा पक्षी मातकट रंगाचा, कोंबडीएवढा, उडाला की एकदम पांढरा दिसतो.

या शेवटच्या वाक्यावरून तो ढोकरी आहे हे नक्की. पुस्तकांत त्याला वंचकही म्हणतात, तुमचे गुजराती शेजारी काणी बगली म्हणतील. लांबी जेमतेम 45 सेंटीमीटर, पाठीवर तपकिरी रेघा, पंख मात्र पांढरेशुभ्र. बसला की मातीत मिसळून जातो, म्हणून तो बागेत तासभर असला तरी दिसत नाही. ही ओळख आधी पटवून घ्या, कारण बगळ्यापासून मासे वाचवायचे बहुतेक प्रचलित उपाय राखी बगळ्यासाठी आहेत. तो तीन फूट उंच असतो, मोकळ्या जागेत उतरतो आणि चालत पाण्यात शिरतो. ढोकरीला पाण्यात उतरायची गरजच पडत नाही. तो थेट काठावर येऊन मान खांद्यात ओढून बसतो आणि बसल्या जागेवरून चोच मारतो.

संध्याकाळी अंधार पडताना मासे जात असतील आणि वरून 'क्वॅक' असा घोगरा आवाज येत असेल, तर तो रातबगळा. पिवळ्या चोचीचे पांढरे गायबगळे लॉनवर नाकतोडे वेचतात, त्यांचा तळ्याशी संबंध नाही, त्यांना हाकलू नका. खंड्या येत असेल तर तो बोटाएवढी पिल्लंच नेतो.

बगळ्याला शिकारीसाठी दोनच गोष्टी लागतात: पाय स्थिर ठेवून उभं राहायला जागा, आणि तिथून चोचीच्या टप्प्यात येणारा मासा. यातली एक काढून घेतली की त्याचं बकध्यान फुकट जातं. घाबरवण्याचे उपाय या दोन्हींना हात लावत नाहीत, म्हणून ते टिकत नाहीत. हलणाऱ्या, चमकणाऱ्या वस्तूंना पक्षी काही दिवसांत सरावतो. प्लॅस्टिकचा बगळा तर मी काढूनच टाकायला सांगेन. बगळे एकमेकांना बघून खाण्याच्या जागी उतरतात. एक बगळा निवांत उभा दिसला की इथे खायला आहे आणि धोका नाही, असाच अर्थ दुसरा घेतो.

तुमच्या तळ्यातली खरी अडचण म्हणजे ती पायरी. तिथे ढोकरीला उभं राहायला जागा मिळते, आणि मासे सकाळी ऊन खायला नेमके त्याच उथळ भागात येतात. कुंड्यांमधली मोकळी जागा हा त्याचा पाट झालाय. तळं रिकामं करायची तयारी असेल तर पायरी विटा आणि काँक्रीटने काठाच्या पातळीपर्यंत भरून टाका, म्हणजे चारी बाजूंनी सरळ भिंत मिळेल. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच 9 च्या वर जातो. त्यामुळे पाणी भरून आठवडाभर ठेवायचं, सोडून द्यायचं, असं दोन-तीनदा करून पीएच 8.5 च्या खाली आल्यावरच मासे सोडा. तोवर ते मोठ्या टबात, एअर पंप लावून आणि टबावरही जाळी टाकून ठेवावे लागतील.

रिकामं करायचं नसेल तर पायरी गच्च भरा. 10 इंची कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर 8 फुटांत नऊ बसतात. त्यांत कर्दळ आणि छत्रीसारखं पातं असलेलं सायपरस दाट लावा. नर्सरीत ते अंब्रेला पाम म्हणून मिळतं. पाणकणीस लावायचं झालं तर बिनभोकाच्या कुंडीतच, नाहीतर ते तळंच खाऊन टाकतं. दोन झाडांमध्ये वीतभरही मोकळी जागा राहता कामा नये, कारण कुंडीतली उघडी माती म्हणजे ढोकरीसाठी आणखी एक पाट. जलपर्णी अजिबात नको. मासे तिच्याखाली लपतात हे खरं, पण तिचा थर दाटला की ढोकरी त्यावरून चालत तळ्याच्या मध्यापर्यंत जातो.

काठाची उंचीही बघा. पाणी काठाच्या दोन-तीन इंच खाली असेल तर काठावर बसलेल्या पक्ष्याला फक्त मान खाली करायची असते. पाणी उतरवून हे अंतर वाढवू नका, 2 फुटांच्या तळ्यात ते परवडणार नाही, उन्हाळ्यात पाणी तापेल. त्याऐवजी काठावर विटांचे तीन थर चढवा. साधारण 9 इंच मिळतात. वरची फरशी, कोटा दगडाची चालेल, पाण्यावर 4-5 इंच पुढे काढा, म्हणजे तिच्या सावलीत माशांना भिंतीलगत आडोसा होतो. सरळ भिंतीत खार किंवा बेडूक पडला तर बाहेर येता यावं म्हणून एका कोपऱ्यात काथ्याचा जाड दोर पाण्यात सोडून ठेवा.

पण या आकाराच्या तळ्याला खात्रीचा उपाय एकच, जाळीची चौकट, आणि तीही नीट केली तरच.

जाळी पाण्यालगत पसरली की ती झोळते, पक्षी तिच्यावर उभा राहतो आणि छिद्रांतून चोच मारतो. म्हणजे तुम्हीच त्याला मचाण बांधून दिलंत. जाळी काठापासून किमान 1 फूट उंच आणि ताणलेली हवी. ढोकरीची चोच 6 सेंटीमीटरच्या आसपास असते, पण छिद्रं मोठी असली तर चोचीमागून डोकं आणि मानही आत येते. बाल्कनीत कबुतरांसाठी लावतात ती 50 मिलिमीटरची जाळी इथे नको. 25 मिलिमीटर छिद्राची, उन्हात न कुजणारी, जाड दोऱ्याची एचडीपीई प्लॅस्टिकची जाळी मागा.

चौकट एकसंध करू नका. दोन झाकणं करा, प्रत्येकी सव्वाचार बाय साडेसहा फूट, म्हणजे दोन्ही मिळून तळ्यापेक्षा सगळीकडून 3 इंच मोठी. 20 बाय 20 मिलिमीटरचा 16 गेज चौकोनी लोखंडी पाइप, मध्ये एक आडवी पट्टी, चार कोपऱ्यांना 12 इंचाचे पाय. दोन्ही झाकणांना मिळून साडेएकोणसाठ फूट पाइप लागतो. पाइप 20 फुटी लांबीत येतो, पण तीन लांब्यांत भागेल असं समजू नका, कापण्यात जाणारं धरून थोडा जास्तच सांगा. एक झाकण आठ-नऊ किलोचं होतं, एकट्याला उचलता येतं. हे महत्त्वाचं आहे, कारण जाळी उचलायला दोन माणसं लागत असतील तर फिल्टर साफ होत नाही. रेड ऑक्साइडचा हात देऊन वर इपॉक्सी रंग लावा. वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली तारेची जाळी, वापरायचा असेल तर तोही चालेल, फक्त नवा गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा जाळी पाण्यात बुडू देऊ नका, त्यातून सुटणारं जस्त माशांना घातक असतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती बाजूंना. वर जाळी उत्तम, आणि खाली फूटभर मोकळी फट. ढोकरी तिच्यातून वाकून सहज आत जातो. चारही बाजूंना जमिनीपर्यंत जाळीची झालर सोडा आणि खालची कड विटांनी किंवा खिळ्यांनी दाबून बसवा. दोन झाकणं जिथे मिळतात तिथे क्लिप लावा. आत शिरलेला पक्षी बाहेर पडताना घाबरून जाळीत अडकतो, तेव्हा अर्धवट जाळी ही जाळी नसण्यापेक्षा वाईट.

चौकट तयार होईपर्यंत, अगदी आजच, तळ्यावर विटांच्या ढिगांवर आडवे बांबू टाकून फूटभर उंचीवर जाळी ताणून बांधा. दिसायला बरी नाही, पण उद्या सकाळचा मासा वाचेल.

बडोद्यात एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. उत्तरायणानंतर घराघरांत फिरकीवर दोरा उरलेला असतो आणि तो तळ्यावर आडवाउभा बांधायचा मोह होतो. मांजा कधीही बांधू नका. काच लावलेला दोरा पंखाच्या स्नायूंपर्यंत कापतो, आणि दिसत नसल्यामुळे चिमण्या, बुलबुल, घुबडंही त्यात सापडतात. मासेमारीची बारीक नायलॉन दोरी आणि केसासारखी पातळ जाळी यांचंही तेच, त्यात धामण आणि दिवडही गुंततात. दोरी बांधायचीच तर दिसेल अशी, 3-4 मिलिमीटर जाडीची, काठावर 10 आणि 25 सेंटीमीटर उंचीवर दोन ओळी. राखी बगळा चालत येतो, त्याला त्याने अडथळा होतो. ढोकरीला फारसा नाही. पक्षी अडकलाच तर ओढू नका, टॉवेल टाकून डोळे झाका, दोरा कात्रीने कापा आणि गुजरातच्या पशु-पक्षी मदत क्रमांकावर, 1962 वर, फोन करा.

हालचाल ओळखून पाणी मारणारे फवारे तुम्ही विचारले आहेत. त्यांना साधारण 2 बार दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून 10 मीटर उंचीला 1 बार मिळतो, म्हणजे दोन मजली बंगल्यात पाऊण बारच्या आसपास. प्रेशर पंप नसेल तर फवारा नुसता गळेल.

आता मासा वर का येतो ते बघू, याकडे फार दुर्लक्ष होतं. रात्रभर झाडं आणि शेवाळं प्राणवायू वापरतात, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो. गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत असतात, आणि ढोकरी नेमका त्याच वेळी येतो. रात्री एअर पंप चालू ठेवला तर मासे खाली राहतात. तुमच्या तळ्यात साधारण 2400 लिटर पाणी आहे, त्याला दोन एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचे, बुडबुडे सोडणारे दगड) पुरेत, दोन्ही खोल भागात. वीज वाचवायला पंप रात्री बंद करतात, ते उलट करा. बंद ठेवायचाच तर दुपारी, शेवाळं प्राणवायू सोडत असताना.

खाणं देण्याची सवयही बदला. काठावर वाकून पहाटे खाणं दिलं की काठावर सावली पडली म्हणजे जेवण, हे मासे शिकतात. मग बगळ्याच्या सावलीकडेही तसेच धावतात. नऊनंतर द्या, तळ्याच्या मध्यभागी टाका, आणि पाच मिनिटांत संपेल एवढंच.

लपायला खोल भागात 160 मिलिमीटर पीव्हीसी पाइपचे अडीच फुटी चार-पाच तुकडे ठेवा, दोन्ही टोकं उघडी, कापलेल्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या. एक टोक बंद असेल तर आत पाणी खेळत नाही आणि घाण साचते. वॉटर लिलीची पानं अर्ध्या पृष्ठभागावर असू द्यात. हिवाळ्यात लिली मंदावते आणि नेमके तेव्हाच राखी बगळ्यांची ये-जा वाढते, म्हणून केवळ पानांवर विसंबू नका. एप्रिल-मेमध्ये बाहेरची डबकी आटतात आणि बगळे बागांकडे वळतात. त्याच दिवसांत तळ्यातलं पाणी रोज अर्धा ते एक सेंटीमीटर उडून जातं. तुमच्याकडे एक सेंटीमीटर म्हणजे 45 लिटर. हे रोज भरा, आठवड्याने एकदम नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बादल्यांत दिवसभर उघडं ठेवून किंवा अँटिक्लोरीन टाकूनच सोडा.

उरलेल्या माशांकडे आता नीट पाहा. मोठा कोई ढोकरीला गिळता येत नाही, पण पाठीवर चोचीची जखम राहते आणि त्यात बुरशी धरते. असा मासा वेगळ्या 100 लिटरच्या टबात घ्या, 300 ग्रॅम साधं खडे मीठ, आयोडीनचं नको, तीन हप्त्यांत दिवसभरात विरघळवून घाला. तळ्यात मीठ टाकू नका, लिली जाईल. हल्ल्यानंतर मासे चार-आठ दिवस तळाशी दडून बसतात आणि खात नाहीत, त्याला आजार समजून औषधं ओतू नका.

पक्ष्याला इजा करण्याचा विचार कोणी सुचवला तर तिथेच थांबवा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली बगळे संरक्षित आहेत. मारणं, पकडणं, विष किंवा चिकट सापळा लावणं, घरटं किंवा अंडी काढणं हा गुन्हा आहे. पावसाळ्यात ढोकरी इतर बगळ्यांबरोबर झाडांवर वसाहत करून पिल्लं वाढवतो. तुमच्या फाटकाजवळच्या झाडावर अशी घरटी असतील तर फांद्या छाटायचं काम पिल्लं उडून गेल्यावरच काढा.

चौकट बसवल्यावर पहिले दोन आठवडे तो येतच राहील, कडेने फेऱ्या मारेल आणि फट शोधेल. त्या दिवसांत रोज सकाळी झालर हाताने चाचपून बघा, विशेषतः पायरीच्या बाजूला. कर्दळीची पानं तिथे जाळी आतून उचलून धरतात आणि खाली बोटभर जागा होते.