टेक्सासच्या तळ्यांत लार्जमाउथ बाससाठी पहिलं लूर (नकली आमिष) कोणतं घ्यावं?

पाच इंची रबरी गांडूळ घ्या आणि ते ‘टेक्सास रिग’ पद्धतीने लावा. महागड्या क्रँकबेटच्या (ओढल्यावर पोहणाऱ्या टणक नकली माशाच्या) मागे आत्ताच लागू नका. बास मासा गवत, बुडालेली झाडं, धक्क्याचे खांब अशा आडोशाला दबा धरून बसतो. टेक्सास रिगमध्ये गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवतात, त्यामुळे ते गवतात अडकत नाही. पुढे गोळीच्या आकाराचं पाव औंसाचं वजन पुरतं. टाकल्यावर लगेच ओढू नका. मासा बहुतेकदा लूर खाली जाताना घेतो, आणि हाताला झटका बसेलच असं नाही. दोरी नुसती थरथरते किंवा बाजूला सरकू लागते. माझे पहिले कितीतरी मासे हे न कळल्यामुळेच सुटले. दोरी अशी हलली की ढील गुंडाळून जोरात हिसका द्यायचा. पाणी स्वच्छ असेल तर हिरवट-तपकिरी रंग, गढूळ असेल तर काळा-निळा. मात्र उन्हाळ्यात पहाटे मासे वर खात असतील, पाण्यावर फटाफट आवाज येत असेल, तर गांडूळ ठेवून पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारं लूर) काढा. आणि हो, मासेमारीचं लायसन्स आधी काढा.