दोन वर्षांच्या मुलाला घेऊन सगळे मिळून फिरायला गेलो की दरवेळी रडारड होते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा घरी मस्त खेळतो पण बाहेर पडलं की तासाभरात भोकाड पसरतो, मग सासूबाई म्हणतात लाडावलाय आणि नवरा म्हणतो यापेक्षा घरी बसलो असतो तर बरं. आमची लेक सव्वादोन वर्षांची आहे, त्यामुळे हा सीन चांगलाच ओळखीचा आहे. एका बाबाचं मत म्हणून सांगतो, बहुतेक वेळा पोराचं काही चुकत नसतं, प्लॅन मोठ्यांच्या सोयीने केलेला असतो.

आधी झोपेचं बघा. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते, दोनच्या पुढेही त्यात फार फरक पडत नाही. आणि आपण काय करतो तर अकराला निघू म्हणतो, कुणाची आंघोळ राहिलेली असते, कुणाला चार्जर सापडत नसतो, आणि साडेबाराला म्हणजे बरोबर त्याच्या झोपायच्या वेळी गाडीत बसतो. दमलेलं मूल दरवेळी पेंगत नाही हो, हीच गंमत आहे. आमची तर उलट जास्तच मस्तीला येते, गोल गोल पळते, कान ओढते, उगाच खिदळते, बघणाऱ्यांना वाटतं वा काय फ्रेश आहे पोर! ती फ्रेश नसते, तिची बॅटरी संपलेली असते, आणि त्यानंतर थोड्याच वेळात फुगा दुसऱ्या रंगाचा का दिला यावरून जमिनीवर लोळण. त्यामुळे एकतर झोप उरकून निघा किंवा सकाळी लवकर जाऊन झोपेच्या आत परत या. आणि एका दिवशी एकच ठिकाण. "आलोच आहोत तर तिकडेही जाऊन येऊ" या वाक्यावर मी आमच्या घरात बंदी घातलीये.

दुसरं म्हणजे बांधून ठेवणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये लहान मुलांना बाबागाडीत वगैरे सलग एक तासापेक्षा जास्त जखडून ठेवू नका असं सांगितलंय. कार सीट सुरक्षेसाठी पाहिजेच, पण लांबच्या प्रवासात मधे मधे थांबून त्याला चालू द्या, पळू द्या. गाडी लागण्याचा त्रासही साधारण दोन वर्षांनंतर सुरू होऊ शकतो, कारण कान सांगतात आपण हलतोय आणि खाली मोबाईलमध्ये घातलेले डोळे सांगतात नाही हलत. खिडकीबाहेर बघायला लावलं की बराच फरक पडतो. बॅगेत त्याच्या जादा कपड्यांबरोबर स्वतःचाही एक टीशर्ट टाका, उलटी नेहमी उचलून घेणाऱ्यावरच होते.

आणि वेग. आपल्यासाठी फिरणं म्हणजे त्या ठिकाणी पोचणं, त्याच्यासाठी ते दाराबाहेरच सुरू होतं. आमची चप्पल स्वतःच घालते, उलटीच घालते, सरळ करायला गेलं तर काढून पुन्हा पहिल्यापासून, मग जिन्यात मुंग्यांची रांग दिसली की उकिडवी बसून एकेका मुंगीवर बोट ठेवायला बघते आणि मुंगी निसटली की आपल्याकडे तक्रार. घाई केली तर दिवसाचं पहिलं रडं तिथेच. मी आता निघायच्या वेळेत मुंग्यांचा वेळ धरूनच चालतो.

बरोबर सात-आठ मोठी माणसं असतील तर आणखी एक भानगड असते, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आजीला वाटतं पोरगा काकाकडे, काका फोटो काढतोय. आमच्याकडे आता तोंडाने बोलून चार्ज द्यायचा, "आता तुझ्याकडे", आणि समोरच्याने "हो" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. पाण्याजवळ तर हे फार कडक पाळा, दोन-तीन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं आणि बुडताना बहुतेक वेळा आवाजसुद्धा येत नाही. तसंच उभ्या गाडीत "दोनच मिनिटं" म्हणूनही एकटं ठेवू नका, उन्हात आतलं तापमान बघता बघता वाढतं.

तरी रडलाच तर तिथे समजावत बसू नका, त्या क्षणी त्याला काही ऐकू जात नाही. उचला, गर्दीतून बाजूला न्या, गप्प जवळ बसा. लोक बघतात, बघू द्या. निघताना मात्र "पाच मिनिटांत जायचं हं" म्हणून उपयोग नाही, पाच मिनिटं म्हणजे काय हे त्याला कुठे माहीत, त्यापेक्षा "अजून दोनदा घसरगुंडी आणि मग चप्पल" असं सांगा आणि दोनदा झाल्यावर खरंच निघा.

राहिल्या सासूबाई. पुढच्या वेळी त्याच्या झोपेचं गणित सांगून निघायची वेळ त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी ठरवलेली वेळ असली की नवरापण आंघोळ वेळेत उरकेल बघा.