शेतकरी आमदार झाला तर शेतकऱ्याचं भलं होतं का?

तुमचे वडील द्राक्षं-कांदा करतात, गावात मान आहे, लोक आमदारकीला उभं राहा म्हणतात. तर शेतकरी आमदार झाल्याने शेतकऱ्याचं भलं होतं का आणि सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न. सुरुवात गावच्या शेतकरी सहकारी सोसायटीतून, मग बाजार समिती, मग जिल्हा परिषदेचा गट. हे वडिलांना माहीत असणारच.

भल्याचं मात्र सांगतो. आमच्या भागातले एक साहेब, नाव घेत नाही, "मी शेतकऱ्याचा पोरगा" म्हणत निवडून आले. थोरल्या दादाने प्रचाराला घरची पिकअप दिली, ऐन छाटणीत बाग मजुरांवर सोडली. मी तेव्हाच म्हटलं होतं, सातबारा प्रत्येकाकडेच असतो. दादा म्हणाला, तुला राजकारण कळत नाही.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. लाल कांदा ऐन जोरात, आमची पिकअप भरून लासलगावच्या कांदा बाजारात. भाव कोसळले, लोकांनी लिलाव बंद पाडले. दादाने फोन लावला तर पीए म्हणाला, साहेब नागपूरला अधिवेशनात आहेत. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर साहेबांचा फोटो, गळ्यात कांद्याची माळ. सगळा एकसारखा, निवडक माल! दादा म्हणाला, बघ, आवाज उठवला. मी म्हटलं, आवाज उठला, भाव बसला. तेव्हापासून जेवताना हा विषय आमच्याकडे काढत नाहीत.

उलट सुरगाण्याचे जे. पी. गावित बघा. पक्ष लाल, माकप, पटो न पटो. आमदार असताना मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून मुंबईपर्यंत हजारो आदिवासी शेतकऱ्यांबरोबर चालले. दहावीच्या पोरांची परीक्षा अडू नये म्हणून मोर्चा रात्रीतून आझाद मैदानावर नेला. वनजमिनींचं लेखी आश्वासन घेऊनच लोक परतले. सात वेळा आमदार झालेला हा माणूस २०१९ ला पडला, हेही वडिलांना सांगा. मोर्चाला येणारे सगळेच मत देतात असं नाही.

आता साहेबांवर अन्याय नको. निर्यात दिल्लीच्या हातात, आमदार काय करणार? पण राज्याच्या हातातही असतं ना. २०२३ च्या मार्चमध्ये कांद्याला क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. अट काय, तर ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल अॅपवरून, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. निम्म्या गावाने ती केलीच नव्हती, आम्हीही नाही. मग तलाठ्याकडे खेटे. अट लिहिताना त्या खोलीत एक जरी कांदावाला बोलता असता तर? वडिलांना उभं राहायचंच असेल तर असले जीआर, म्हणजे शासन निर्णय, वाचायची सवय लावा. भाषण काय, कोणीही लिहून देतं.

आणि घरची गाडी देऊ नका. दादा हे वाचत असेल तर त्यालाही विचारतो, डिझेलचे पैसे आले का रे?