वर्गातल्या बाईंना विचारलंस का?

चि. बाय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आफ्रिकेत मलावीतल्या त्या शाळेसाठी रात्री जागून प्रश्नमंजुषेचं अ‍ॅप केलंस आणि तिथल्या बाई ते उघडतसुद्धा नाहीत. आता सोडून द्यावं की आणखी एखादं फीचर घालावं, असं विचारतेस. मी उलट विचारतो: बाईंना तू आधी काय विचारलं होतंस? समन्वयकाला नव्हे, वर्गात उभ्या राहणाऱ्या बाईंना.

तू कॉल लावतेस आपल्या रात्री दहाला. मलावी साडेतीन तास मागे, म्हणजे तिथे साडेसहा. अंधार पडलेला, वीज असेल-नसेल, नेटपॅक बाईंच्या पदरचं. अशा वेळी माणूस 'व्हेरी गुड' म्हणून फोन ठेवतो. त्याला तू होकार समजलीस.

हे मी पलीकडच्या बाजूने भोगलंय. डिचोलीकडच्या आमच्या शाळेत परदेशातल्या भल्या लोकांनी वापरलेले संगणक पाठवले होते. मागे पॉवर सप्लायवर एक लाल खटका असतो, तो ११५ वरून २३० वर सरकवायचा. सोबतच्या कागदात त्याचा उल्लेखच नाही. पहिला संगणक लावला तो फट् करून धूर सोडत गेला. उरलेल्यांत सगळं इंग्रजी, आणि आमची मुलं मराठी माध्यमाची, चौथीपर्यंतची. आभाराचं पत्र मात्र फोटोसकट मागून घेतलं! आम्हाला हवा होता एक प्रिंटर, प्रश्नपत्रिका काढायला. कुणी विचारलंच नाही.

पेरू देशात तर सरकारनेच मुलांना लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली: संगणक भरपूर पोचले, गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. आणि तू म्हणतेस, फीचर घालू.

अगं, पुष्कळसं तयार आहे. कोलिब्री नावाचं शाळांसाठीचं सॉफ्टवेअर बघ. एका जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या संगणकावर ते चालतं, वर्गातली बाकीची यंत्रं वायफायने त्याला जोडतात, बाहेरचं इंटरनेट लागत नाही. धडे पेनड्राइव्हने नेता येतात, बाई स्वतः चाचणी बनवू शकतात. पण तेही बाईंना विचारल्याशिवाय पाठवू नकोस. कदाचित त्यांना फळ्यावर लिहायला दहा गणितं हवी असतील, बस्स.

घरचे टोमणा मारतात ना, आधी इथल्या सत्तरी तालुक्यातल्या शाळा बघ म्हणून? मनावर घेऊ नकोस. सत्तरीत न विचारता गेलीस तरी हेच होणार.

मलाही लोक म्हणतात, सर, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचे बग काढलेत आणि मॅन्युअलं लिहिलीत, स्वतःचं काही उभं केलं नाही. नाही केलं. कधी खुपतं, खोटं कशाला बोलू? पण शिक्षकाने मागितलेलंच करायचं हा माझा हट्ट होता, आणि शिक्षक मागतात ते असलंच असतं: अक्षर मोठं करा, पासवर्ड काढून टाका. त्यात नाव होत नाही. तुला नाव हवं असेल तर आत्ताच सांग, मी वेळ घालवणार नाही.

उद्या संध्याकाळी साडेपाचला फोन लाव, तिथे दुपारचे दोन असतील. साधा फोन कर, पैसे तुझे जाऊ देत. अ‍ॅपचं नाव काढायचं नाही. काल वर्गात काय शिकवलं, कुठे अडलं, एवढंच विचार आणि ऐकत राहा. मग रविवारी ये, ऐकलेलं लिहून आण.

तुझे सर