पावसाचा अंदाज बघून रेनकोटच्या जाहिराती आपोआप चालू-बंद करता येतात का?

तुमचं रेनकोट-छत्र्यांचं ऑनलाइन दुकान आहे आणि हवामानाच्या अंदाजावर जाहिराती आपोआप चालवायच्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. जमतं. महागडं सॉफ्टवेअरही लागत नाही. मी एका छोट्या दुकानाच्या जाहिराती सांभाळतो, तिथे हेच करतो.

मे २०२५ पर्यंत आमचं सगळं कॅलेंडरवर चालायचं. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, म्हणून जाहिराती ५ जूनपासून. त्या वर्षी तो २६ मेलाच मुंबई-पुण्यात दाखल झाला. लोक भिजत कामावर जात होते आणि आमचे गठ्ठे गोदामात पडून. हंगामातला सगळ्यात मोठा आठवडा हातचा गेला. तेव्हापासून तारखेवर विसंबणं सोडलं.

गूगल अ‍ॅड्समध्ये स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायची सोय आहे. जावास्क्रिप्ट थोडीफार येत असली की पुरे, आणि ती दर तासाला आपोआप चालवता येते. आमची स्क्रिप्ट ओपनवेदर या हवामानाची माहिती देणाऱ्या सेवेकडून पुढच्या पाच दिवसांचा अंदाज घेते. तो तीन-तीन तासांच्या तुकड्यांत येतो, त्यांची बेरीज आपण करायची. गूगल शीटमध्ये गाव, अक्षांश-रेखांश, किती मिलिमीटरला चालू करायचं आणि कुठली मोहीम (स्वतःचं बजेट असलेला जाहिरातींचा गट), एवढे रकाने. गूगलने हवामानानुसार बोली (जाहिरातीच्या एका क्लिकला किती पैसे द्यायचे तो आकडा) बदलणारी नमुना स्क्रिप्ट दिलेली आहे, पण ती जशीच्या तशी लावू नका. ती ठिकाणानुसार बोली कमी-जास्त करते. तुमची बोली गूगल स्वतः ठरवत असेल, तर तो बदल धरलाच जात नाही. त्यापेक्षा भागागणिक वेगळी मोहीम काढा आणि स्क्रिप्टला फक्त तिचं बजेट बदलू द्या.

आता नियम. इथेच बहुतेकांचे पैसे जातात. 'उद्या पाऊस असेल तर जाहिरात चालू' असा नियम लावलात, तर जुलैभर लोणावळ्यात पैसे ओतत बसाल. तिथल्या माणसाने रेनकोट केव्हाच घेतलेला असतो. विक्री होते ती कोरड्यानंतरच्या पहिल्या सरींना. म्हणून आम्ही बदल बघतो: गेले ७ दिवस जवळजवळ कोरडे आणि पुढच्या ७२ तासांत १५ मिमीहून जास्त पाऊस, तर त्या भागाचं बजेट तिप्पट. १५ हा आकडा आमच्या विक्रीवरून आला, तुमचा वेगळा निघेल. ७२ तास अशासाठी, की पार्सल पोचायला आम्हाला दोन दिवस लागतात. पाऊस थांबल्यावर हातात पडलेला रेनकोट परतच येतो.

दोन चुका मी केल्यात, तुम्ही टाळा. पहिली वेळेची. अंदाजातले तास जागतिक वेळेत येतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मी ते न बदलता दिवसाची बेरीज केली आणि पहाटेचा पाऊस आदल्या दिवसात गेला. (हवामान खात्याचा पावसाचा दिवस तर सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, त्यांचे आकडे जुळवताना हेही धरा.) दुसरी चूक जागेची. 'पुणे' एवढंच टाकून मी अख्खा जिल्हा धरला होता. लोणावळा आणि बारामती एकाच जिल्ह्यात आहेत, पण पावसाच्या दृष्टीने दोन वेगळे मुलूख. घाट, शहर आणि पूर्वेकडचे तालुके वेगळे करा.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर मात्र ही उघडझाप जपून. बजेटमध्ये मोठे बदल केले की त्यांची यंत्रणा पुन्हा शिकायला लागते आणि खर्च वाढतो. तिथे मी संपूर्ण हंगाम थोडं बजेट चालू ठेवतो.

आणि एक नियम आमच्या शीटमध्ये सगळ्यात वर आहे: रेड अलर्ट असेल त्या भागातल्या सगळ्या जाहिराती बंद. रेड अलर्टमध्ये २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर पाऊस पडू शकतो. त्या दिवशी विक्री होईलही, पण पाणी भरलेल्या रस्त्यावरून ते पार्सल कुणाचा तरी मुलगा दुचाकीवर घेऊन जाणार असतो. ही सूचना मी स्क्रिप्टवर सोडत नाही. हवामान खात्याचा इशारा सकाळी स्वतः बघून शीटमध्ये हाताने भरतो.

सुरुवातीला दहा दिवस स्क्रिप्टला काहीच बदलू देऊ नका. तिने काय केलं असतं, एवढंच शीटमध्ये लिहू द्या आणि रोज खिडकीबाहेर बघून ताडून पाहा. तुमचा माल कुठल्या गावांत जास्त जातो ते इथे लिहिलंत, तर भाग कसे पाडायचे ते सांगतो.